सुरगाण्याच्या मांडवातील फेटे

आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाचा मंगल परिणय ठरला आणि घरात पहिला वाद झाला तो फेट्यांवरून. हुंडा नाही, देणेघेणे नाही, पत्रिका साधी, या गोष्टी बैठकीत पाच मिनिटांत मान्य झाल्या. पण पुतण्या म्हणाला, "काका, फेटे तर पाहिजेतच. फोटोत उघडी डोकी बरी दिसत नाहीत." एक्कावन्न फेटे आणायचे ठरले. पन्नास का नाहीत, असे विचारले तर कोणीतरी म्हणाले, एक्कावन्न शुभ असतात. शुभाशुभाचे खाते आमच्या खतावणीत नाही, पण वहीपेन आमच्याकडेच आले, कारण आम्ही पेशाने कारकून आणि पदवीने बी. कॉम.

कापड, बांधणारा कारागीर, नवरदेवाचा निराळा तुरेवाला फेटा, असे आकडे मांडत गेलो. रक्कम जुळली. जुळेना ती यादी. ही एक्कावन्न डोकी कोणाची? मांडवात माणसे पाचशे येणार. उरलेल्या साडेचारशेंनी काय समजायचे? वही मिटून ठेवली आणि त्याच आठवड्यात सुरगाण्याचे निमंत्रण आले.

आमच्या कार्यालयातील एक शिपाई सुरगाणा तालुक्यातील आहेत, कोकणा समाजाचे. त्यांच्या मुलाचे लग्न एप्रिलच्या अखेरीस होते. "साहेब, बाईंना घेऊन या, मुक्कामाला या," असा त्यांचा आग्रह. आम्ही साहेब नव्हे, हे त्यांना वीस वर्षे सांगत आहोत. असो. सहचारिणीसह नाशिकहून एस.टी. धरली. दिंडोरी, वणी करत गाडी निघाली. वणीपर्यंत द्राक्षबागांचा हिरवेपणा सोबतीला असतो, पुढे डोंगर जवळ येतात आणि बोरगावला सापुताऱ्याचा रस्ता सोडून गाडी सुरगाण्याकडे वळते. नाशिकपासून हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, पण उतरल्यावर आपण फार लांब आलो असे वाटते. एके काळी हे देशमुखांचे छोटे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. आज ते गुजरातच्या सीमेला टेकलेले तालुक्याचे गाव आहे.

या तालुक्यात पाऊस धो धो पडतो. भात आणि नागलीच्या आवणीला बायामाणसे पानांचे इरले डोक्यावरून पाठीवर घेऊन दिवसभर वाकलेली असतात. तेच पाणी नार, पार या नद्यांतून पश्चिमेला गुजरातेत उतरते आणि समुद्राला मिळते. उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी पायपीट. रस्ता, पाणी, दवाखाना मिळत नाही म्हणून येथल्या सीमेवरच्या काही गावांनी २०२२ च्या अखेरीस आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली होती, हे वाचकांना आठवत असेल.

ज्या गावी आम्ही उतरलो त्याच्या शेजारच्या गावात त्या रात्री बोहाडा होता. होळीनंतरच्या दिवसांत पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात बोहाड्याची सोंगे नाचतात. यजमानांनी हौसेने नेले. संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग येत होते. गणपती आला, भीम आला, रावण आला, महिषासुर आला. मुखवटे कोठे लाकडाचे, कोठे कागदाच्या लगद्याचे, वर रंगवलेले मुकुट. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून आम्ही त्या मुखवट्यांकडेच पाहत होतो. मुखवटा नुसता चढवून भागत नाही. आधी डोक्याला कापड गच्च गुंडाळायचे, मग तो दोऱ्यांनी आवळायचा. एक सोंग बाजूला येऊन बसले, मुखवटा उतरवला, तर आतून घामाने निथळलेला विशीतला पोरगा निघाला. कपाळावर दोरीचा वळ उमटलेला. यजमान म्हणाले, "दिवसा हा गवंड्याच्या हाताखाली असतो." रात्रभर राजाचा मुकुट आणि सकाळी त्याच डोक्यावर विटांचे घमेले! आम्हाला त्या पोराचे कौतुक वाटले. मुकुट उतरवून तो लगेच आपल्या मित्रांत चहा प्यायला गेला. त्याच्या मुकुटाने कोणाला खाली बसवले नव्हते.

सकाळी आमच्या सहचारिणी घरच्या बायकांबरोबर पाण्याला गेल्या. लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी. लग्नघर म्हणून त्या दिवशी खेपा जास्त. सहचारिणींनी एक खेप केली आणि परत आल्यावर मान धरून बसल्या. त्या बायकांनी दुपारपर्यंत किती खेपा केल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

दुपारी मांडव भरला. लाउडस्पीकरवर नावे पुकारायला सुरुवात झाली. सरपंच, माजी सरपंच, गुरुजी, सोसायटीचे चेअरमन, बाहेरगावचे पाहुणे. पुढे या, फेटा बांधून घ्या, टाळ्या. ज्यांना फेटा नाही त्यांना टॉवेल-टोपी. ज्यांना टॉवेल-टोपी नाही ते टाळ्या वाजवायला. "नाशिकचे साहेब" असा पुकारा झाला आणि यजमानांनी हाताला धरून आम्हाला पुढे नेले. गुलाबी फेटा आमच्या डोक्याला गुंडाळला गेला. खोटे कशाला सांगू, क्षणभर बरे वाटले. मग समोर पाहिले तर एस.टी. स्टँडवरून आमची पिशवी उचलून आणणारा यजमानांचा चुलतभाऊ उघड्या डोक्याने वाढप्यांत पत्रावळी मांडत होता. सकाळी पाणी भरणाऱ्या बायका मांडवाच्या मागे भाताच्या पातेल्यांपाशी होत्या. त्यांच्यापैकी एकीचेही नाव पुकारले गेले नाही. सहचारिणी हळूच म्हणाल्या, "सकाळपासून ज्यांच्या डोक्यावर भार आहे, त्यांच्या डोक्याचा मान कोणाच्या यादीत नाही."

हा दोष त्या घराचा म्हणून सांगत नाही. ते घर प्रेमळ होते. फेटे पुकारण्याची ही रीत शहरातून, टी.व्ही.वरून, पुढाऱ्यांच्या सभांतून सगळीकडे पसरली आहे. आपल्या वस्त्यांतही आली आहे.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर लाल टोपी, उन्हापावसाने विटून विटकरी झालेली. त्यांचेही नाव पुकारले गेले, नात्याने ते नवरदेवाचे आजोबा लागत. ते उठले, नव्या जोडप्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण फेटा नको म्हणाले. आम्ही विचारले, "बाबा, फेटा का नाही घेतला?" ते म्हणाले, "ही मुंबईला गेलो तव्हाची हाय. वर फेटा बांधला त ही दिसायची नाही."

आम्हाला उलगडा झाला. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा पायी मोर्चा नाशिकहून मुंबईला गेला. ६ मार्चला निघाला, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानात पोहोचला. वनजमिनीचा हक्क, कर्जमाफी अशा मागण्या होत्या. सुरगाणा तालुक्यातून माणसे मोठ्या संख्येने गेली होती, बाया अनवाणी चालत होत्या. दहावीच्या मुलांची परीक्षा चालू म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी दिवसा न चालता रात्री चालून पुरा केला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत छापलेला लाल टोप्यांचा समुद्र आपण पाहिला आहे. त्या समुद्रातील एक थेंब आमच्या शेजारी पत्रावळीवर भात कालवत होता. टोपीची किंमत काही रुपये असेल. पण गावातील सर्वांत देखणे शिरोभूषण त्या मांडवात आम्हाला तेच वाटले, कारण ते कोणी पुकारून दिलेले नव्हते.

परतीच्या एस.टी.त फेटा मांडीवर होता आणि मन आमच्या लहानपणात गेले होते. आमच्या मूळ गावी एका मोठ्या घरचे लग्न होते. वडील त्या घरी वर्षानुवर्षे राबलेले. लग्नाचा मांडव त्यांनीच घातला होता. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असू. पाहुण्यांच्या रांगेतून टोप्या वाटत एक गृहस्थ आले. वडिलांपाशी आल्यावर त्यांनी हात आखडला, टोपी दुरून मांडीवर टाकली आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर मात्र स्वतःच्या हाताने घातली. वडील काही बोलले नाहीत. टोपी उचलून त्यांनी घडी केली आणि मांडवाच्या खांबाला अडकवून आम्हाला घरी आणले. त्यानंतर कोणत्याही लग्नाला जाताना त्यांच्या खिशात स्वतःची पांढरी धुतलेली टोपी असे. मांडवात शिरण्यापूर्वीच ती डोक्यावर चढे.

डोक्यावर काय असावे हा आपल्या समाजात कधीच नुसत्या हौसेचा प्रश्न नव्हता. महात्मा फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. भरजरी पगड्यांच्या त्या सभेत रयतेचे दर्शन घडवायला तो वेष पुरला. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना सांगितले की, ज्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते ते सोडून द्या. नेसण्यात स्वाभिमान असतो, ही गोष्ट आपल्या आजी-पणजींनी तेव्हाच जाणली. आज आपले मंगल परिणय शुभ्र वस्त्रांत, त्रिशरण-पंचशील घेऊन होतात. बाशिंग, मुंडावळ्या गेल्या. मग मागच्या दाराने मानाचा फेटा आणि त्याच्याबरोबर उच्चनीचतेची यादी का येऊ द्यायची?

म्हणजे फेटा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. तो रुबाबदार आहे, जयंतीच्या मिरवणुकीत निळे फेटे बांधलेल्या आपल्या मुली पाहिल्या की छाती भरून येते. पण निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत सुती किंवा मलमलीचे कापड घ्यावे, चकचकीत कृत्रिम कापड घसरते आणि डोके तापवते. पाच-सहा मीटरचे कापड सुटसुटीत बसते, आठ-नऊ मीटरचा फेटा भरदार दिसतो पण जड होतो. लहान चणीच्या माणसाला आणि मुलांना तो घालू नये. शिवलेला तयार फेटा घ्यायचा तर भुवयांच्या वरून, कानांच्या वरच्या कडेने फीत फिरवून डोक्याचे माप आधी घ्यावे. सैल फेटा भोजनाच्या पंक्तीत ताटात उतरतो, घट्ट फेट्याने तासाभरात कपाळ ठणकते. आणि कापड असे घ्यावे की लग्नानंतर त्याची ओढणी होईल, बाळाचे दुपटे होईल. कपाटात पडून राहणारा मान काय कामाचा?

घरी आल्यावर वडिलांपुढे वही उघडली. आता ते पंचाहत्तरीचे आहेत. पुतण्याही बसला होता. सुरगाण्याची सगळी हकीकत सांगितली आणि विचारले, "अण्णा, तुम्हाला कोणत्या रंगाचा फेटा?" त्यांनी रंग सांगितला नाही. म्हणाले, "आधी माणसं किती ते मोजा."

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानेच एक्कावन्नचा आकडा खोडला. ठरले ते असे. लाउडस्पीकरवर नावे पुकारायची नाहीत. मांडवाच्या दारात एका टेबलावर फेट्यांचे सुती कापड ठेवायचे, दोन बांधणारे बसवायचे. ज्याला हौस असेल त्याने बांधून घ्यावे, बाई असो की पुरुष, पाहुणा असो की वाढपी. कापड संपले की संपले. बँडवाले आणि स्वयंपाकाच्या बायका यांना मात्र आधी विचारायचे, कारण त्यांना रांगेत उभे राहायला वेळ नसतो. तुऱ्याचा फेटा नवरदेवाने स्वतःच रद्द केला. त्या पैशांत कापडाचे आणखी काही वार आले.

सुरगाण्याहून आणलेला गुलाबी फेटा आम्ही धुऊन वाळवला आणि त्या टेबलासाठी घडी करून ठेवला आहे. वडिलांनी आपली पांढरी टोपी इस्त्रीला दिली आहे.