उशिराची बेरीज

कुंभवलीला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत बॅच पद्धतीने रसायने बनवणारे कारखाने पुष्कळ. फ्लोमीटर त्या क्षणाचा प्रवाह सांगतो. रिअ‍ॅक्टरमध्ये एकूण किती लिटर गेले, हे अनेकदा एखादा प्रोग्रॅम बेरीज करून ठरवतो. असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना वाटते की घड्याळ बारीक घेतले की हिशेब बरोबर येतो. मला हे पटत नाही. भरड घड्याळाने फारसे बिघडत नाही, झालेला उशीर हिशेबात न धरल्याने बिघडते. उदाहरणार्थ, विंडोजच्या घड्याळाचा नेहमीचा टिक १५.६२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ६४. प्रोग्रॅमने १०० मिलिसेकंद झोप मागितली, तर सहाव्या टिकला ९३.७५ होतात, म्हणून जाग येते सातव्याला, १०९.३७५ वर. यात कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, दोष नाही. ‘टिकांच्या हिशेबाने वेळ भरली की उठवीन’ एवढाच त्याचा शब्द असतो. उशीर किती, याबद्दल तो काही बोलत नाही. प्रोग्रॅम मात्र दर फेरीला प्रवाह गुणिले ०.१ सेकंद एवढेच जमा करतो. प्रवाह स्थिर असेल आणि १००० लिटरला व्हॉल्व्ह बंद होणार असेल, तर आत सुमारे १०९४ लिटर गेलेले असतात. मीटर, व्हॉल्व्ह आणि गुणाकार तिन्ही बरोबर असूनही!

रासायनिक प्रक्रिया संथ असतात, रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटचे तापमान बदलायला मिनिटे लागतात, तिथे १५ मिलिसेकंदांचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. एका वाचनापुरते ते अगदी खरे आहे. उशिरा वाचलेले तापमान पुढच्या वाचनात पुसले जाते. बेरजेतली तूट मात्र पुसली जात नाही, साठत जाते. पीआयडी नियंत्रकामधला इंटिग्रल हीसुद्धा बेरीजच. मग बारीक टायमर घ्या, असे दुसरा कोणी सांगेल. लिनक्समध्ये पूर्वी टायमर सेकंदाला १००, २५० किंवा १००० टिकांना बांधलेले असत. २००६ साली २.६.१६ मध्ये एचआरटायमर या बारीक टायमरांची चौकट आली आणि २००७ च्या २.६.२१ पासून खरी सूक्ष्मता मिळू लागली. त्याने चूक घटते, संपत नाही. फेरीतल्या कामाला ३ मिलिसेकंद लागले आणि नंतर १०० ची झोप घेतली, तर घड्याळ कितीही बारीक असले तरी फेरी १०३ चीच. शिवाय साध्या प्रोसेसला लिनक्स आपणहून ५० मायक्रोसेकंदांची ढील देतो, जवळजवळच्या वेळी उठायच्या प्रोसेस एकत्र उठवून वीज वाचावी म्हणून. नॅनोसेकंदात वेळ मागता येतो, याचा अर्थ तितक्या नेमकेपणाने तो मिळतो असा नाही. २०२४ साली ६.१२ मध्ये मूळ लिनक्समध्ये दाखल झालेला प्रीएम्प्ट-आरटी हा रिअल-टाइम पर्याय उशिराला आवर घालतो, पण गुणाकारातले ०.१ हे गृहीत त्याने दुरुस्त होत नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे. दर फेरीला मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणारे, घड्याळ वाचावे आणि खरोखर उलटलेल्या वेळेने गुणावे. ‘इतका वेळ झोपव’ म्हणण्याऐवजी ‘अमुक क्षणी उठव’ म्हणावे, म्हणजे कामाचा वेळ आपोआप वजा होतो. संगणक दाखवतो त्या दिवसाच्या वेळेवर मात्र हा हिशेब चालवू नये; नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीने किंवा कोणा माणसाने ती मागे सरकवली, तर उलटलेला वेळ उणे निघेल. एवढे केले की तोच १५.६२५ चा टिकही या कामाला पुरतो. सुरक्षेचे इंटरलॉक पीएलसी या औद्योगिक नियंत्रकातच हवेत, याबद्दल वाद नाही. पण पीएलसीचा स्कॅनही कामाच्या ओझ्याने कमीजास्त होतो, म्हणून तिथल्या बेरजेलाही हाच नियम. तेव्हा टोटलायझरचा, म्हणजे या बेरजेचा, आकडा आणि टाकीची पातळी जुळेनाशी झाली, तर फ्लोमीटर उतरवून कॅलिब्रेशनला धाडण्याआधी प्रोग्रॅममधला तो ०.१ शोधा.