पाचारण आणि मुके जीव

अकोल्याच्या एका माउलीने मिस्सानंतर आम्हांस गाठले. तिचा मुलगा बँकेची कायमची नोकरी सोडून अमरावतीस निघाला होता. मालकांनी टाकून दिलेली कुत्री-मांजरे सांभाळावयास! "फादर, तुम्हीच समजवा त्याला." आम्ही समजाविलेही, निवृत्तिवेतन, घर, लग्न, सारे मोजून दाखविले. तो नम्रपणे म्हणाला, "फादर, तुम्हीही घर सोडलेच ना?" आम्ही निरुत्तर झालो. आमच्या त्यागास आम्ही पाचारण म्हणतो. त्याच्या त्यागास मात्र खूळ म्हणालो होतो.

त्या रात्री डॉ. प्रकाश आमटे आठवले. शल्यचिकित्सेचे पुढील शिक्षण सोडून ते भामरागडच्या अरण्यातील हेमलकशास गेले. १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया बांधव पोटासाठी शिकार करीत. मेलेल्या माकडिणीस बिलगलेले पिल्लू डॉक्टरांनी मागून घेतले. पुढे तेथे अनाथ वन्य जिवांचे घरच उभे राहिले. पण माणसांचा दवाखाना थांबला नाही, आणि डॉ. मंदाकिनीताई सदैव सोबत होत्या. २००८ चा मॅगसेसे पुरस्कारही दोघांना मिळाला.

आम्ही त्या तरुणास पुन्हा बोलाविले. "जा, बाळा, पण मुक्यांची हाक ऐकताना आईचा निःश्वासही ऐक. तिच्या औषधपाण्याची सोय आधी लाव." तो वर्षभर थांबला, पैसे साठविले, मग गेला.

परवा ती माउली भाकरींचे गाठोडे घेऊन भेटली. "अमरावतीला निघाले, फादर. काही त्याला, काही त्याच्या कुत्र्यांना." आम्हांस तिची क्षमा मागावयाची होती, आशीर्वाद तेवढा दिला.