काही करत नाही हो ती

आमच्या सोसायटीत मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं चार-पाच असतील. बाकीच्यांसाठी मी 'टॉमी की मम्मी'. खरं तर तिचं नाव टॉमी नाही, तांबी. रंग तांबूस म्हणून तांबी. पण नोएडात हे नाव कोणाच्या कानात शिरत नाही. मी तांबी म्हणते, समोरचा मान डोलावतो आणि 'अच्छा, टॉमी' म्हणतो. मग ती कुत्री आहे हे कळल्यावर जरा गोंधळतो. मीही 'फीमेल है' एवढंच सांगते, कारण हिंदीत कुत्र्याचं स्त्रीलिंग चारचौघांत उच्चारायची सोय नाही. मराठीतही फारशी नाही, पण आपल्याकडे निदान 'कुत्रं' आहे. त्या नपुंसकलिंगाच्या आडोशाला पुष्कळ माया ठेवता येते.

२०२१च्या हिवाळ्यात बेसमेंटच्या पार्किंगमध्ये एका कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं एक मी उचलून वर आणलं, थंडी ओसरेपर्यंत दोन रात्रींसाठी. त्या दोन रात्री अजून संपलेल्या नाहीत. तोवर मी या इमारतीत बरीच वर्षं काढली होती आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचा चेहराही धड ओळखत नव्हते. अनुवादाचं काम असंच. दिवसभर दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावर बसायचं, संध्याकाळी दूध आणायला खाली उतरायचं. तांबी आल्यावर दिवसातून तीनदा उतरावं लागायला लागलं, आणि माणसं भेटायला लागली.

आमचा सकाळचा एक कंपू आहे. सेनेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांचा म्हातारा लॅब्रेडॉर, एक नवं जोडपं आणि त्यांचा बीगल, एक बंगाली आजी आणि त्यांचं पांढरं, सतत रागावलेलं पॉमेरेनियन. आम्हाला एकमेकांच्या कुत्र्यांच्या पोटाच्या तक्रारी तपशिलात माहीत असतात, नावं नसतात. मला डेंग्यू झाला तेव्हा बीगलवाली आठ दिवस तांबीला फिरवून आणत होती. तिचं आडनाव मला सहाव्या दिवशी कळलं. अशी ओळख मी आधी कुठल्याच शहरात अनुभवली नव्हती. ती मी निवडलेली नव्हती, म्हणूनच बहुधा टिकली.

जे गेलं तेही सांगायला हवं. जुन्या मैत्रिणींपैकी दोघी घरी येईनाशा झाल्या. एकीला केसांची शिंक येते, दुसरीला भीती वाटते. सणाला माहेरी जायचं तर आधी तांबीची सोय लावायची. रेल्वेत कुत्र्याला बरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्यानं ब्रेकव्हॅनच्या पेटीतून जायचं. ९८वं मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोरा स्टेडियमवर झालं. १९५४नंतर पहिल्यांदाच दिल्लीत. आम्ही इथली मराठी माणसं वर्षभर त्याची वाट पाहत होतो. तिन्ही दिवस रंगात आलेल्या गप्पांमधून मी चार वाजता उठले. 'घरी कुत्रं आहे' म्हटलं की काही लोक हसायचे. घरी मूल आहे म्हटलं असतं तर कोणी हसलं नसतं.

माझ्या लहानपणी कुत्रं असं कोणाला बांधून घालत नसे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी वाड्यासमोर मोती होता. तो कोणाचा, हे सांगता आलं नसतं. सकाळची शिळी भाकरी आमच्याकडची, दुपारचा भात समोरच्या काकूंकडचा. आजी त्याला नेमानं भाकरी घालायची आणि तो पायाला लागला तर आंघोळ करायची. एक दिवस कुत्री धरणारी गाडी येऊन गेली आणि मोती दिसेनासा झाला. आम्ही मुलं दोन दिवस रडलो. कोणी जाऊन विचारलं नाही. तो सगळ्यांचा होता म्हणजे कोणाचाच नव्हता, मग विचारणार कोण? तांबीला पट्टा घातला, लसी टोचल्या, प्राधिकरणाकडे नोंदणी केली, तेव्हा मला वाटलं होतं की मी मोतीपेक्षा खूप पुढे आले. जबाबदारी घेतली.

तो समज मार्च २०२५मध्ये होळीच्या आदल्या दिवशी गेला.

ढोल सकाळपासून वाजत होते, आणि तांबी ढोलाला घाबरते. तिला खाली नेताना लिफ्ट मध्येच थांबली, दार उघडलं, समोर गुलालानं माखलेला एक चेहरा. तांबी अंगावर गेली. मी दोरी ओढली, पण तोवर त्या बाई मागे पडल्या होत्या आणि पोटरीवर नखांचे दोन ओरखडे उठले होते. रक्त आलं नव्हतं, साल गेलं होतं. आमच्याच मजल्यावरच्या दोन घरी त्या काम करतात. मूळच्या पूर्णियाच्या. रोज दिसायच्या, रोज भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या, आणि मी रोज तेच वाक्य म्हणायचे: 'कुछ नहीं करेगी, दीदी.'

कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाचं हे वाक्य आहे. मराठीत ते आणखी लडिवाळ होतं: 'काही करत नाही हो ती.' मी चार वर्षं ते मनापासून म्हणत आले. त्याचा अर्थ काय होतो ते मला त्या दिवशी त्यांना उठवताना कळलं. समोरच्यानं न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं. माझं कुत्रं कसं आहे ते मला ठाऊक आहे, तेव्हा तुमच्या भीतीचा विचार करायचं कारण नाही, असं ते सांगत असतं. भीती वाटणाऱ्याला ते ऐकून कधीच धीर येत नाही, फक्त आपली भीती जरा वेडगळ आहे असं वाटतं.

जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे लस फुकट मिळते. त्वचेत टोचायची पद्धत असेल तर पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे चार खेपा. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टर वाट बघत नाहीत, लस सुरू करतात आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही. हे सगळं मला माहीत होतं. रांग मात्र माहीत नव्हती. बांधकामावरचे मजूर, सायकलवरून दूध घालणारा एक माणूस, गालाला टाके पडलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली एक आई. चिठ्ठी करणारा मान वर न करता प्रत्येकाला एकच विचारत होता: 'पालतू कि आवारा?' सगळे आवारा म्हणत होते. आमची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, 'पालतू. मेरी है.' तेव्हा त्यानं मान वर केली.

चारही खेपांना मी बरोबर गेले. बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले, ते त्यांनी घेतले. नोएडा प्राधिकरणाच्या धोरणानुसार मार्च २०२३पासून पाळीव कुत्र्यानं कोणाला इजा केली तर मालकाला दहा हजार रुपये दंड आणि उपचारांचा खर्च. गार्डनं त्यांना माझ्यासमोरच विचारलं होतं, तक्रार लिहू का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणाल्या. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायला दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना याच इमारतीत कामाला यायचं होतं. त्यांच्या 'नको'त क्षमा किती होती आणि हिशोब किती, हे मी कोणत्या तोंडानं ठरवणार?

सकाळच्या कंपूनं मला खूप सांभाळून घेतलं. नखच तर लागलं, होळीच्या रंगांनी कुत्री बिथरतातच, उगाच मनाला लावून घेऊ नका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरी बाजू जागी झाली: कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करा. असं करता येत नाही. पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. त्या सूचनांची प्रत माझ्या फ्रिजवर लावलेली होती. नियम माझ्या बाजूचा होता आणि माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. दोन्ही बाजूंच्या त्या शेकडो मेसेजमध्ये त्या बाईंचा उल्लेख एकदाही आला नाही. त्या ग्रुपवर नाहीत.

मराठीतली 'जबाबदारी' आणि हिंदीतली 'जिम्मेदारी' हे दोन शब्द मी वीस वर्षं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत ठेवत आले. दोन्ही अरबी-फारसीतून आलेले. पण 'जिम्मा' म्हणजे आपल्या हवाली केलेली गोष्ट, आणि 'जबाबदार' म्हणजे ज्यानं जबाब द्यायचा तो. तांबीचा जिम्मा मी चोख सांभाळला होता. तिच्या वतीनं जबाबही आपल्यालाच द्यायचा आहे, आणि तो तिला नव्हे, दुसऱ्या माणसांना, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

महाभारताच्या शेवटचा कुत्रा सगळ्यांना आठवतो. युधिष्ठिर त्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो. आमच्या कंपूतही ती गोष्ट निघते, कुत्रेवाल्यांचं ते पुराणातलं प्रमाणपत्रच आहे. सुरुवातीचा कुत्रा मात्र कोणाला आठवत नाही. आदिपर्वातल्या पौष्यपर्वात जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करतो आहे. तिथे आलेल्या एका कुत्र्याला त्याचे भाऊ मारतात. ते पिल्लू रडत आईकडे जातं, सरमेकडे. आई आधी त्यालाच विचारते, तू काही आगळीक केली असशील. तो सांगतो, मी हविष्य चाटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा यज्ञात जाऊन विचारते, माझ्या मुलाला का मारलंत? ते काहीच बोलत नाहीत. म्हणून ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. शाप येतो तो जबाब न मिळाल्यावर. रुग्णालयातली ती मुलाला घेऊन बसलेली आई मला सरमेच्या जागी दिसते. तीही कोणाला तरी विचारायला आली होती, आणि तिला सांगायला समोर कोणी नव्हतं.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबादमधली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला. ती परत रस्त्यावर सोडायची नव्हती. कंपूतली तरुण मंडळी निदर्शनांना गेली. व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली. मी कुठेच गेले नाही. तांबीच्या गळ्यात पट्टा होता, ती सुरक्षित होती. तिची भावंडं त्याच बेसमेंटमधून बाहेर पडून रस्त्यावर वाढली. त्या दोघींत फरक एवढाच, की त्या रात्री माझा हात एका पिल्लाकडे गेला.

दोन दिवसांनी त्या बाई लिफ्टपाशी भेटल्या. आता आमचा एक रिवाज आहे. त्या असल्या की मी तांबीला घेऊन मागे थांबते, त्यांची लिफ्ट जाते, मग आम्ही. त्या दिवशी त्यांनी लिफ्ट जाऊ दिली. चार हात लांबून विचारलं, 'मॅडम, इसको भी ले जाएँगे?' मी म्हटलं, नाही, हिची नोंदणी आहे. 'और गेट वाली भूरी?' भुरी म्हणजे फाटकापाशी बसणारी करडी कुत्री. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाला खाच आहे. मला आश्चर्य वाटलं. त्या म्हणाल्या, रात्री जाताना उरलेली पोळी तिला टाकते. लांबूनच टाकते. मी विचारलं, भीती वाटते ना तुम्हाला? 'डर तो लगता है,' त्या म्हणाल्या, 'भूखी भी तो है.'

भुरीचं काय होणार, ते मला सांगता आलं नाही. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री उचलली तिथेच परत सोडायची, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून. खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. भुरीला न्यायला तोवर कोणी आलं नव्हतं. फाटकाजवळ कुठली जागा ठरवायची यावर ग्रुपवर अजून भांडण चालू आहे. मी तिथे एकदा लिहिलं, की रात्री साडेआठला काम संपवून फाटकातून जाणाऱ्या बायकांना विचारू या, त्यांना कुत्री कुठे बसलेली चालतील. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. येत्या रविवारी मीच फाटकापाशी उभी राहून विचारणार आहे. तांबीला घरी ठेवून.