‘तरुणांना काम नको’ अशी बातमी मी केली होती, तिची ही दुरुस्ती

गेल्या वर्षी मे महिन्यात मी एक बातमी केली होती. मथळा होता, ‘कंपन्यांत जागा रिकाम्या, तरुणांना मात्र काम नको’. सिन्नरच्या एका कारखानदाराने रोजगार मेळाव्यात जे सांगितलं ते लिहून घेतलं आणि छापलं. बातमी भरपूर फिरली. ‘बरोबर बोललात, आजकालच्या पोरांना मोबाईल सोडवत नाही’ असे शेकडो मेसेज आले.

त्यात माझा घरचा रागही होता. त्याच कारखान्यातून माझा सख्खा भाचा अकरा दिवसांत काम सोडून आला होता. मी त्याला बहिणीच्या घरी, चार पाहुण्यांसमोर बोललो होतो. बातमी लिहिताना तोच डोळ्यांसमोर होता.

बातमी आली त्याच दिवशी एका ताईंचा फोन आला. एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची छोटी खोली आहे. माळेगाव आणि मुसळगावच्या कंपन्यांना माणसं मिळवून देण्याचं काम करतात. म्हणाल्या, ‘सर, काम सोडून गेलेल्यांची वही आहे माझ्याकडे. वेळ काढून बघून जा.’

खरं सांगतो, मी गेलो ते त्यांनाच दोन शब्द ऐकवायच्या तयारीने. आपल्याकडे या धंद्याला नाव चांगलं नाही. पोराकडून दोन-पाच हजार घ्यायचे, आधारची झेरॉक्स ठेवून घ्यायची आणि कंपनीच्या गेटवर नेऊन सोडायचं, की झालं काम.

साधी दोनशे पानी वही होती. नाव, गाव, कंपनी, कधी लागला, कधी सोडलं, का सोडलं. सोडून गेलेल्या प्रत्येकाला या बाई स्वतः फोन करतात. शेवटच्या रकान्यात एकेक ओळ : ‘सुपरवायझर आईवरून बोलला.’ ‘सोयाबीन काढणी, परत येणार.’ ‘पगार सोळा सांगितला, हातात तेरा.’

हे सोळाचे तेरा कसे होतात तेही त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. जाहिरातीत १६,०००. त्यातून पीएफ १५,००० च्या बारा टक्क्यांनी १,८००, ईएसआयचे १२०, व्यवसाय कर २००. उरले १३,८८०. पहिल्या महिन्यात बूट आणि ड्रेसचे ९०० कापले. पीएफ त्या पोराचाच पैसा आहे, ईएसआयचा दवाखानाही त्याच्याच कामाचा. पण आधी कुणी सांगितलंच नाही, तर त्याला ती फसवणूक वाटणारच ना?

पान उलटलं आणि माझ्या भाच्याचं नाव दिसलं. गाव ठाणगाव. कारण : ‘सेकंड शिफ्ट. रात्री ११ नंतर गाडी नाही. तीन रात्री स्टँडवर झोपला. घरी सांगितलेलं नाही.’

मी काही बोललो नाही. ताईच म्हणाल्या, ‘याला मीच लावलं होतं. शिफ्ट कोणती, घरी कसा जाणार, हे मी विचारायला हवं होतं. त्यानंतर ही वही सुरू केली.’

पुढचा भाग मला त्या कारखानदारानेच नंतर सांगितला. त्याने ताईंना वीस ऑपरेटर मागितले होते. ताईंनी चक्क नाही म्हटलं. ‘शेठ, वीस आणून देईन, माझं बिलही निघेल. पण महिन्याभरात निम्मे जातील. तुम्हाला माणसं मिळत नाहीत असं नाहीये, तुमच्याकडे ती टिकत नाहीत.’ मग चार गोष्टी सांगितल्या. सेकंड शिफ्टला बस लावा. हातात किती येणार ते आधी लिहून द्या. त्या एका सुपरवायझरला आवरा. आणि आयटीआयचा पोरगा जे काम करू शकतो, त्यासाठी इंजिनिअर मागू नका, तो दुसऱ्या नोकरीची वाटच बघत बसतो.

शेठला राग आला. त्याने दुसऱ्या ठेकेदाराकडून माणसं घेतली. दिवाळीपर्यंत त्यातले बहुतेक गेले. नवा माणूस शिकेपर्यंत जो माल रिजेक्ट होतो, त्याचा हिशोब त्याने तेव्हा पहिल्यांदा काढला. बसच्या भाड्यापेक्षा तो आकडा मोठा निघाला. मग स्वतः झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढून गेला.

आता डुबेरे-ठाणगाव रस्त्याला त्या कंपनीची बस जाते. सगळं सुरळीत झालंय असं नाही. सुपरवायझर अजून तिथेच आहे. पण पोरं टिकू लागलीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक झालं. तेव्हा शेठने पहिला फोन ताईंना केला, वकिलाला नंतर.

मला यातून जे कळलं ते एवढंच. या धंद्यात बिल निघतं ते माणूस कामाला लागला की. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. त्यामुळे डोकी मोजून पाठवण्यातच फायदा दिसतो. गावाकडची माहिती कारखान्याच्या ऑफिसात पोचवणारा आणि ‘शेठ, चूक तुमची आहे’ असं तोंडावर सांगणारा माणूस म्हणूनच कंपनीला मोलाचा. मॅनेजर ते सांगत नाही, त्याला नोकरी टिकवायची असते. ठेकेदार सांगत नाही, त्याला बिल काढायचं असतं.

आणि असा माणूस पोराच्या खिशातून पैसे घेत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात हेच मूळ तत्त्व आहे, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ताईंना हा करार माहीतही नव्हता. त्या म्हणाल्या, ‘पोराकडून पैसे घेतले की मग कंपनीला खरं सांगायची गरजच राहत नाही.’

आता आम्हा पत्रकारांबद्दल. मेळावा झाला की मंत्री कोण आले आणि किती जणांना ऑफर लेटर दिली, हे आम्ही छापतो. सहा महिन्यांनी त्यातले किती कामावर आहेत, हे विचारायला मी वीस वर्षांत एकदाही गेलो नाही. यंदापासून जाणार आहे. तुमच्या तालुक्यात मेळावा झाला असेल तर तुम्हीही विचारा, आणि उत्तर मिळालं तर मला कळवा.

भाचा आता त्याच बसने कामाला जातो. त्याला मी अजून ‘माझं चुकलं’ असं म्हटलेलं नाही. चार पाहुण्यांसमोर बोललो होतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. चुकलं रे बाळा, मामाचं चुकलं.