वारीत चुकलेला महाराज

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी यमगर्णी हे गाव आहे. पुणे–बंगळुरू महामार्ग गावाला लागूनच जातो. राज्य कर्नाटक असले तरी या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते आणि पंढरीची वारीही चुकत नाही. याच गावातल्या एका वारकऱ्याच्या काळ्या कुत्र्याचे नाव महाराज. मालक दरवर्षी आषाढी आणि कार्तिकीला पंढरपूरला जातो. २०२४ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो पायी निघाला, तेव्हा महाराजही त्याच्यामागे चालू लागला. पंढरपुरात दोघांची चुकामूक झाली. मालक शोधून थकला आणि १४ जुलैला रिकाम्या हाताने गावी परतला. दुसऱ्या दिवशी महाराज दारात उभा होता.

महाराजाला भजनाची गोडी होती, असे घरचे सांगतात. टाळ वाजू लागले की तो येऊन बसे. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. घरात रोज ज्या वेळी जो आवाज होतो, त्या आवाजाला कुत्रा घराची खूण मानतो. कोणाकडे ती खूण दूध घालायला जाणाऱ्या मोटारसायकलची असते, कोणाकडे गोठ्यातल्या घागरीची. महाराजाच्या घरी ती टाळ-मृदंगाची होती. याआधीही एका पदयात्रेत तो मालकाबरोबर ज्योतिबाला चालत जाऊन आला होता. त्यामुळे सोबत चालणारी माणसे, त्यांचा नामघोष आणि रात्रीचा मुक्काम हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर तो मालकाच्या आणि त्याच्या मित्रांच्या भजनाबरोबर चालला.

वारीच्या वाटेवर कुत्र्याला सहसा कोणी हाकलत नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट प्रत्येक वारकऱ्याने लहानपणी ऐकलेली असते. पंगत उठली की पत्रावळीवरचा घास आधी कुत्र्यापुढे पडतो. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या कुर्डू आणि अरण या गावांवरून पंढरपूरला जाते. अरण हे सावता माळ्याचे गाव. पालखी पुढे सरकते तशी वस्त्यांवरची कुत्री तिच्या मागे लागतात. काही पुढच्या ओढ्यापर्यंत जाऊन परततात. एखादे मात्र परतत नाही, आणि मग संध्याकाळी बांधावरून ‘यू यू’ अशा हाका ऐकू येतात.

पंढरपुरात महाराज नेमका कधी दुरावला ते कोणाच्या लक्षात आले नाही. विठोबाचे दर्शन घेऊन मालकाने इकडेतिकडे पाहिले, तर कुत्रा नव्हता. त्या गर्दीत कुत्र्याची अवस्था कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे. कुत्रा माणसाला आधी वासाने ओळखतो. महाद्वारासमोर आणि चंद्रभागेच्या वाळवंटात हजारो पावले एकावर एक पडतात, त्यात एका माणसाचा माग घटकाभरही टिकत नाही. वास हरवला की आवाज उरतो. महाराजाच्या बाबतीत तो आवाजही फसवा ठरला असणार, कारण घराची जी खूण होती ते भजन पंढरपुरात प्रत्येक दिंडीत चालू होते. मालकाने चौकशी केली तेव्हा लोकांनी सांगितले की कुत्रा दुसऱ्या एका दिंडीबरोबर निघून गेला. तरीही त्याने सगळीकडे शोधले. तो सापडला नाही, तेव्हा लोक म्हणतात तेच खरे असावे असे मानून त्याने गावची वाट धरली.

हरवलेल्या कुत्र्याचा शोध म्हणजे मुख्यतः लोकांना विचारत फिरणे. अमेरिकेत एक हजाराहून थोड्या जास्त घरांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के कुत्री घरी परतली होती. त्यांतली जवळजवळ निम्मी आसपासच्या वस्तीत शोधून मिळाली, पाचवा हिस्सा आपणहून परतला, आणि सुमारे १५ टक्के गळ्यातल्या बिल्ल्यामुळे किंवा कातडीखालच्या चिपमुळे. प्राणिगृहात जाऊन सापडलेली फारच थोडी होती. तिथल्या शहरांतही भार शेजाऱ्यांवरच पडतो, मग माढ्यासारख्या विखुरलेल्या वस्त्यांच्या मुलखात तर दुसरा उपायच नाही.

माढा तालुक्यात निम्मे गाव शेतातल्या वस्त्यांवर राहते. एका वस्तीवरून दुसरी दिसते, मधे ज्वारीचे रान नाहीतर ऊस. इथला कुत्रा बहुधा सुटाच असतो, पण तो भटका नव्हे. त्याला नाव असते, मोत्या, वाघ्या, काळ्या, आणि त्याची हद्द त्याला आणि शेजारच्या कुत्र्यांना ठाऊक असते. तो हद्द सोडतो त्याची कारणेही ठरलेली आहेत. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्रीमागे चार-सहा दिवस घर विसरणे हे पहिले. दिवाळीतले फटाके आणि वळवाचा गडगडाट हे दुसरे, आणि या कारणाने कुत्रा फार दूर जातो, कारण भ्यालेला कुत्रा थांबायचे ठिकाण न पाहता पळतो. तिसरे कारण माणसांच्या मागे जाण्याचे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फड संपला की बैलगाड्या पुढच्या गावाला हलतात, आणि आठ दिवस त्यांच्या चुलीजवळ भाकरतुकडा खाल्लेला कुत्रा गाडीच्या सावलीत चालू लागतो. मेंढरांच्या कळपामागेही तो असाच जातो.

म्हणून इथे शोधाची पहिली विचारणा कुत्र्याची नसते. ‘काल इकडून कोण गेलं?’ असे विचारले जाते. टोळी गेली असेल तर मुकादमाला फोन करायचा, मेंढरे गेली असतील तर पुढचा मुक्काम कुठे ते धनगराच्या ओळखीच्या घरी विचारायचे. त्यानंतर दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ पंचक्रोशीतल्या प्रत्येक वस्तीवरचा एक माणूस किटली घेऊन तिथे येतो, त्यामुळे तिथे सांगितलेली गोष्ट दुसऱ्या धारेपर्यंत सगळीकडे पोहोचते. शाळेत जाणारी मुले हा त्याहून मोठा आधार. मोठ्या माणसाला काळा कुत्रा म्हणजे काळा कुत्रा, पण मुलांना कोणाच्या कुत्र्याचा कोणता कान मुडपलेला आहे आणि कोणत्या पायात पांढरे आहे ते पाठ असते. टेंभुर्णीच्या बाजूला पुणे–सोलापूर महामार्गावरचे ढाबे बघावे लागतात. कुर्डुवाडीला मुंबई–सोलापूर आणि लातूर–मिरज हे लोहमार्ग एकमेकांना मिळतात, तिथल्या फलाटावर खायला मिळते म्हणून चुकलेली कुत्री येऊन राहतात. चहावाल्याला विचारले तर नवे कोणते आले ते तो सांगतो.

शोधणाऱ्या शेजाऱ्यांकडून एक चूक फार होते. कुत्रा दिसला की चौघे मिळून त्याला धरायला धावतात. घाबरलेला कुत्रा त्या वेळी मालकालाही ओळखत नाही, तो आणखी दोन शिवार पुढे जातो. त्याला जिथे पाहिले तिथेच कोणीतरी शांत बसून राहावे आणि घरी निरोप धाडावा, हे बरे. कुत्रा ज्या गोणपाटावर किंवा जुन्या गोधडीवर झोपतो ते अंथरूण तसेच, न धुता, तिथे नेऊन टाकावे आणि शेजारी पाणी ठेवावे. बरेचदा रात्री रहदारी थांबल्यावर तो वासाने परत येतो आणि पहाटे त्या अंथरुणावर झोपलेला सापडतो. जुनी माणसे हे जाणत होती. आता फोनवर फोटो फिरतो, त्याने बातमी लवकर पसरते, पण रात्रभर बांधावर बसायला माणूसच लागतो.

वेळ दवडून चालत नाही, कारण वाटेत धोके खरे आहेत. रस्त्यावरची वाहने हा सर्वांत मोठा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातल्या माळरानांवर लांडगा आजही आहे, आणि ऊस वाढला तसा बिबट्याही सोलापूर जिल्ह्यात शिरला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या खाद्याचा अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोके काढलेला खिळ्यांचा पट्टा घालतात तो याचसाठी. वस्तीवरच्या कुत्र्याला एवढा पट्टा लागत नाही, पण साधा पट्टा आणि त्यावर फोन क्रमांक असलाच पाहिजे. पट्टा नसलेला कुत्रा परगावी भटका ठरतो आणि ज्याने त्याने दगड उचलावा असा होतो.

महाराजाने या सगळ्यातून वाट काढली. पंढरपूर आणि यमगर्णी यांच्या मधे माणदेशाचे कोरडे माळ आहेत, कृष्णेचे खोरे आहे, आणि त्या जुलैमध्ये पाऊस सुरू होता. १५ जुलैला तो घरासमोर शेपूट हलवत उभा राहिला, जणू काही घडलेच नव्हते. तो खाऊनपिऊन धड होता, हाल झालेले दिसत नव्हते. घरच्यांची आणि गावाची श्रद्धा अशी की पांडुरंगानेच त्याला वाट दाखवली.

कुत्रे एवढ्या लांबून वाट कशी काढतात याचा थोडा उलगडा झाला आहे. चेक प्रजासत्ताकात २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस आणि पाठीवर कॅमेरा बांधून त्यांच्या सहाशेहून अधिक फेऱ्या नोंदल्या गेल्या, तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त वेळा कुत्री गेल्या वाटेनेच, आपल्याच मागाचा वास घेत परतली. सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांनी साफ नवी वाट धरली, आणि तशी वाट धरण्याआधी बरेचदा ती उत्तर-दक्षिण रेषेत वीसेक मीटर धावून घेत. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती दिशा जुळवून घेत असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. या फेऱ्या एखाद्या किलोमीटरच्या आसपासच्या होत्या, म्हणून २५० किलोमीटरचा हिशोब त्यातून पुरता सुटत नाही. महाराजाच्या बाजूने मात्र एक गोष्ट होती. तो जाताना सगळी वाट स्वतःच्या पायांनी चालला होता. गाडीत घालून नेलेल्या कुत्र्याला वाटेतल्या विहिरी, ओढे, गावांचे वास यांतले काही मिळत नाही. पायी गेलेल्याला ते क्रमाने मिळालेले असतात.

उरतो पोटाचा प्रश्न, आणि तो दिशेपेक्षा मोठा आहे. अमेरिकेतला बॉबी नावाचा कुत्रा ऑगस्ट १९२३ मध्ये इंडियाना राज्यात हरवला आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये, भर हिवाळ्यात सुमारे चार हजार किलोमीटर कापून, ऑरेगनमधल्या सिल्व्हरटन या आपल्या गावी पोहोचला. वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर वाटेवरच्या अनेकांनी पत्रे लिहिली. कोणी त्याला एक रात्र ठेवून घेतले होते, कोणी त्याचे सोललेले तळवे बांधले होते, कोणी जेवू घातले होते. त्या पत्रांवरून प्राणिदया संस्थेने त्याचा मार्ग जुळवला. कुत्रा एकटा चालत आला हे खरे, पण त्याचा एकेक मुक्काम कोणाच्या तरी ओसरीवर झाला होता. महाराज धडधाकट पोहोचला याचाही अर्थ तोच लागतो. आषाढात पंढरीच्या वाटांवर ठिकठिकाणी अन्नदान चालते, आणि कुत्रा कुठल्या गावचा हे न विचारता भाकरी टाकणारे हात मैलोगणती असतात. ज्याचा शोध पंढरपुरात संपला असे वाटले, त्याला पुढचे सगळे अंतर अनोळखी माणसांनी सांभाळून नेले.

परतलेल्या कुत्र्याला घरात घेताना आनंदाबरोबर थोडी तपासणीही लागते. बोटांच्या फटींत काटे किंवा गोचीड आहेत का ते पाहावे, कानात पाहावे, आणि अंगावर चाव्याची खूण असेल तर आधीची लस झालेली असली तरी जनावरांच्या डॉक्टरांकडून रेबीजची लस पुन्हा टोचून घ्यावी. भुकेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घालू नये, थोडे थोडे घालावे. महाराजाला त्याची गरज पडली नाही. यमगर्णीकरांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि त्याच्या परतण्याच्या आनंदात गावजेवण घातले.