पाइनहर्स्टचीं मैदानें

राले येथें नोकरीस असलेल्या माझ्या चिरंजीवांकडे गतवर्षीं शरदृतूंत दोन महिने राहण्याचा योग आला. त्या मुक्कामांत एके दिवशीं त्यांनीं आम्हां उभयतांस व आपल्या दहा वर्षांच्या कन्येस मोटारींतून पाइनहर्स्ट दाखविण्यास नेलें. नॉर्थ कॅरोलायनाचा हा भाग वालुकामय असून त्यावर लांब पानांच्या पाइनचीं रानें आहेत. आपल्या काव्यांतून भेटणारा सरलवृक्ष तो याचाच हिमालयांतील भाऊबंद. पानें वीत-दीड वीत लांब, सुईसारखीं. तीं गळून झाडांखालीं तांबूस गालिचा होतो. बॉस्टनच्या जेम्स वॉकर टफ्ट्स नामक धनिकानें 1895 सालीं येथें हवापालटासाठीं ही वस्ती वसविली. गोल्फ मागाहून आला. पण आज गांवाचा प्राण तोच.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. एका ठरीव जागेवरून, जिला 'टी' म्हणतात, चेंडू काठीनें मारीत मारीत दूरच्या हिरवळीवरील गलींत घालावयाचा. अशा गली अठरा. ज्याला फटके कमी लागतील तो जिंकला. येथील दुसऱ्या क्रमांकाचें मैदान डोनाल्ड रॉस या स्कॉटिश रचनाकारानें 1907 सालीं सिद्ध केलें. त्याच्या हिरवळी पालथ्या बशीसारख्या. नेम जरा चुकला कीं चेंडू घरंगळला! 2014 सालीं अमेरिकेची पुरुषांची व स्त्रियांची खुली स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत याच मैदानावर झाली. पुरुषांसाठीं लांबी 7,562 यार्ड होती, स्त्रियांसाठीं 6,649. मैदान तेंच, गली त्याच, अपेक्षित फटके दोघांनाही 70. मात्र आरंभाची जागा निराळी. हिरवळीकडे फटका मारतांना दोघांच्या हातीं साधारण एकाच जातीची काठी यावी, असा त्यांतील हेतु.

परंतु तो झाला निष्णातांचा प्रकार. तुम्हांआम्हांसारख्यांची सोय पाहावयाची तर शेजारच्या सदर्न पाइन्समधील लाँगलीफ येथें जावें. मुलांसाठीं काठ्या बनविणाऱ्या संस्थेनें अमेरिकेंतील मैदान-रचनाकारांच्या मंडळाच्या सहकार्यानें तेथें सात टी आंखल्या आहेत. पुढची टी स्त्रियांची, मागची पुरुषांची, ही जुनी वहिवाट तेथें मोडली आहे. सरावाच्या जागीं निरनिराळ्या अंतरांवर खांब रोविले आहेत. आपला चेंडू ज्या खांबापर्यंत पोंचेल त्यावरून आपली टी ठरवावयाची. वय, लिंग किंवा हुद्दा कोणी विचारीत नाहीं. 2011 सालीं अमेरिकन गोल्फ-संस्थांनीं जो प्रचार चालविला, त्याचेंही गणित असेंच होतें: पहिला फटका 250 यार्ड जात असेल तर मैदान 6,200 ते 6,400 यार्डांचें घ्यावें, 200 जात असेल तर 5,200 ते 5,400 चें, आणि 150 जात असेल तर 3,500 ते 3,700 चेंच.

आमच्या चिरंजीवांची समजूत अशी कीं, आपला चेंडू 250 यार्ड जातो. तीन फटके मारले. तिन्ही दोनशेच्या आसपास पडले.

"वारा समोरून आहे, नाना," ते म्हणाले.

"बाबा, झाडाचं पान सुद्धां हालत नाहीं," नात म्हणाली.

तरीही ते सर्वांत मागच्या टीवरच गेले. नात आपल्या पुढच्या टीवरून आनंदानें खेळूं लागली. इकडे हे दर गलीला घामाघूम. दोन चेंडू पाइनच्या पानांत हरवले. सौभाग्यवतींनीं सावली पाहून बैठक मारली. मी मात्र मागून चालतां चालतां निराळ्याच विचारांत पडलों होतों.

भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदी सर्वांस झेपत नाहीं, म्हणून त्यांचे शिष्य वरदराज यांनीं मध्यकौमुदी व लघुकौमुदी रचल्या. व्याकरण तेंच, पाणिनि तेच. फक्त आरंभाची जागा पुढें आणली. आपल्याकडे अधिकारभेद म्हणतात तो हाच. हें सर्व मला पाठ होतें. तरीही पस्तीस वर्षांपूर्वीं एका कष्टाळू, पण सावकाश चालणाऱ्या मुलाला मीं लघुकौमुदी सोडावयास लावून मोठी कौमुदी हातीं दिली. माझा विद्यार्थी 'लघु' वाचतो यांत कमीपणा वाटत होता. त्याला नव्हे, मला. तीन महिन्यांत त्यानें संस्कृत सोडलें. पुढें तो रस्त्यांत भेटे, वांकून नमस्कार करी, मुलाबाळांचें सांगे. संस्कृताचा विषय मात्र त्यानें कधींच काढला नाहीं, आणि मलाही तो काढण्याचें धैर्य झालें नाहीं.

हें चिरंजीवांस सांगावें असें दोनदां ओंठांवर आलें. पण चाळिशीच्या मुलाला मैदानावर उपदेश करणें बरें दिसेना, गप्प राहिलों.

सातव्या गलीशीं ते थोडे थबकले, मागच्या टीकडे एकदां पाहिलें, आणि कांहीं न बोलतां चालत नातीच्या जवळच्या टीवर येऊन उभे राहिले. तिनें खिशांतून चेंडू ठेवावयाची लांकडी खुंटी काढून त्यांच्यापुढें धरली.