ब्यूटटाउनच्या बाई

ब्रिस्टलच्या एम शेड संग्रहालयात गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा आडवा ठेवलाय. जून २०२० मध्ये निदर्शकांनी तो चौथऱ्यावरून ओढून बंदरात ढकलला होता. अंगावर फासलेला रंग अजून तसाच आहे. तो पाहून कार्डिफची गाडी पकडली. सेव्हर्न नदीखालचा सात किलोमीटरचा बोगदा संपला की वेल्स.

कार्डिफ स्टेशनाबाहेरच बेटी कॅम्पबेल यांचं ब्राँझचं शिल्प आहे. चेहरा झाडाच्या डेरेदार माथ्यासारखा वर आलेला, खाली सावलीत मुलं. लोक बॅगा ओढत घाईनं जात होते. मी त्या मुलांचे चेहरे निरखत बराच वेळ रेंगाळलो. बाईंचे वडील जमैकाचे, दुसऱ्या महायुद्धात जहाजावर बळी पडले. शिक्षिका व्हायचंय म्हटल्यावर शाळेतच त्यांना ऐकवलं गेलं, की अडचणी तुझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत. त्या वेल्समधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका झाल्या.

त्यांचं ब्यूटटाउन इथून पायी गाठता येतं. वेल्सचा कोळसा याच बंदरातून जगभर गेला. बोटींच्या भट्ट्यांत तो टाकायला सोमालिया, येमेन, पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीजचे खलाशी आले आणि त्यांनी इथंच संसार थाटले. जून १९१९ मध्ये त्यांच्या वस्तीवर जमाव चालून गेला. दंगलीत तिघांचा जीव गेला. १९५२ मध्ये महमूद मत्तान या सोमाली खलाशाला खुनाच्या आरोपावरून फाशी दिली. ती शिक्षा चुकीची ठरून रद्द व्हायला १९९८ उजाडलं. पहिलं महायुद्ध तपशीलवार शिकणाऱ्या पोरांना आपल्याच गावातलं १९१९ ठाऊक नसावं, हे मला मुळीच पटत नाही. कोळसा राष्ट्राच्या इतिहासात येतो, मग तो भट्टीत टाकणारा का नको?

कॅम्पबेलबाईंनी सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात, गुलामगिरीतून निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनची कहाणी कळली आणि परतल्यावर इथल्या माउंट स्टुअर्ट शाळेत त्यांनी गुलामगिरी आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवायला घेतला. २०१७ मध्ये त्या गेल्या. पुढं वेल्स सरकारनं नेमलेल्या प्राध्यापक शार्लट विल्यम्स यांच्या समितीनं शिफारस केली आणि सप्टेंबर २०२२ पासून वेल्सच्या नव्या अभ्यासक्रमात हा इतिहास सक्तीचा झाला. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदा वेल्सनं केलं. बोगद्यापलीकडे इंग्लंडनं तेव्हा तो शाळांच्या मर्जीवर सोडला होता. ऑक्टोबर हा तिथं कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. पण उरलेल्या अकरा महिन्यांचं काय?

कार्डिफला गेलात तर किल्ला पाहून मागे फिरू नका. ब्यूट स्ट्रीटनं थेट बंदरापर्यंत पायी जा.